तिसऱ्या मजल्यावरची मूठ

ज्या कुणी साहेबाने हा नियम काढला, त्याच्यावर सरळ आरोप आहे. साहेब, तुम्ही डायलिसिसवरून उठलेला माणूस जन्मात पाहिलेला नाही. पाहिला असता तर अशक्तपणा मोजायची खोली तिसऱ्या मजल्यावर ठेवली नसती. ठेवलीच, तर लिफ्ट चालू ठेवली असती. आणि लिफ्टही बंद ठेवलीच होती, तर निदान अर्जात 'अर्जदार जिना स्वतः चढू शकतो काय?' असा रकाना तरी छापला नसता. त्या गुरुवारी बिरूचा जो तमाशा झाला तो तुमच्यामुळे. तुमचं नाव कुठे लिहिलेलं नाही म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका.

बिरू हा जाफराबादकडचा मेंढरंवाला. चार वर्षांपूर्वीपर्यंत माजलेल्या एडक्याची शिंगं धरून त्याला जागेवर बसवायचा. मग किडन्या गेल्या. आता सोमवारी आणि गुरुवारी जीपने जालन्याला यायचं, डाव्या हातात दोन जाड सुया टोचून घ्यायच्या, चार तास रक्त मशीनला धुवायला द्यायचं आणि पिळलेल्या फडक्यासारखं घरी जायचं, एवढाच त्याचा कारभार उरला होता. सुयांसाठी त्या हाताची शीर डॉक्टरांनी ऑपरेशन करून फुगवलेली. वर बोट ठेवलं की आत गिरणी चालू असल्यासारखी थरथर लागे. निम्म्या गावाने ती कान लावून ऐकली होती.

आता खाण्याचं ऐका. डायलिसिस लागण्याच्या आधी दवाखान्याने एक कागद दिला होता. डाळ कमी, अंडं बंद, मटण बंद. बिरूची बायको साखराबाई हिने तो पिठाच्या डब्याच्या वर भिंतीला चिकटवला आणि देवाच्या फोटोपेक्षा जास्त पाळला. डायलिसिस सुरू झालं की गणित उलटं होतं, मशीन अंगातलं चांगलंही धुऊन नेतं, म्हणून अंडं आणि डाळ वाढवावी लागते, हे त्या कागदाला ठाऊक नव्हतं. साखराबाईला कुणी सांगितलं नव्हतं. आठ महिने! आठ महिने तिने त्या माणसाला भाकरी आणि भोपळ्यावर ठेवला. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा मोसंब्यांची थैली घेऊन यायचा, आणि मोसंबी तर त्यातल्या पोटॅशियममुळे बिरूला विषासारखी. मग ती त्यांचीच मोसंबी कापून त्यांनाच खायला घालायची. पाहुणे गुबगुबीत होत गेले. बिरू वाळत गेला.

दर वेळी दवाखान्यात त्याचं वजन व्हायचं. तेवढंच भरायचं. "तब्येत बराबर आहे," असं लिहून तिथले लोक मोकळे व्हायचे. शेवटी आहार सांगणाऱ्या नव्या मॅडम आल्या, आकांक्षा मॅडम. त्यांनी बिरूच्या दंडाला हात लावला आणि कपाळाला आठी पाडली.

"मामा, वजन तेवढंच आहे, पण त्यातलं मांस गेलंय आणि पाणी भरलंय. मोरीतून उठताना त्रास होतो का?"

"साखरा उठविते," बिरू म्हणाला.

"असंच चाललं तर उद्या खाटेवरूनसुद्धा तिलाच उठवावं लागेल. रोज दोन अंड्यांचा पांढरा भाग, मापात डाळ, आणि खुर्चीवर दहा वेळा बसउठ. दोन महिन्यांत फरक पडेल. नाही पडला तर..." मॅडमनी पुढचं बोलायचं टाळलं.

साखराबाईने त्याच दिवशी घरी जाऊन भिंतीवरचा कागद टराटरा फाडला आणि बिरूसमोर रडली. नंतर चार दिवस तिने त्या कागदाला ज्या शिव्या दिल्या, त्या इथे छापता येत नाहीत.

अंड्यांची सोय एका योजनेत होती. पोषण पिशवी म्हणायचे तिला. महिन्याची साठ अंडी, डाळ आणि पावडरचा डबा. अट एकच. मूठ दाबायचं यंत्र असतं, त्यावर अठ्ठावीस किलोच्या खाली जोर भरला पाहिजे. यंत्र एका कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर, फक्त गुरुवारी एक वाजेपर्यंत. बिरूचं डायलिसिस गुरुवारीच साडेबाराला संपायचं.

तर त्या गुरुवारी बिरू, साखराबाई आणि बिरूचा चुलतभाऊ सुग्रीव, असे तिघे कार्यालयात पोचले. लिफ्टच्या दाराला 'बंद आहे' असा कागद होता. कागदावर बसलेली धूळ बघता लिफ्ट बसवतानाच तो लावला असावा. खाली रखमाजी नावाचा शिपाई स्टुलावर बसून होता.

"मामा, दुसरा रस्ता न्हाई का?" साखराबाईने विचारलं.

"जिना हाय की. पण बाई, एक सांगून ठेवतो," रखमाजी आवाज उतरवून म्हणाला, "चढून गेले तर वर म्हणत्यात, चढला म्हंजी धट्टाकट्टा हाय. अर्ज बाद. मागच्या गुरुवारी तिघं बाद झाले."

"अन् न्हाई चढलं तर?"

"मंग गैरहजर."

साखराबाईने पदर कमरेला खोचला. पण त्याच्या आतच सुग्रीव खाली बसला होता. मेंढरांमागे उभा जन्म गेलेल्या माणसाला लंगडं मेंढरू कसं न्यायचं हे शिकवावं लागत नाही. त्याने बिरूला मानेवर आडवा घेतला, दोन पाय पुढे एका मुठीत धरले आणि उठला.

"आरं डावा हात सांभाळ!" साखराबाई ओरडली. "त्याला धक्का लागला तर सोमवारी सुया कुठं टोचायच्या?"

"वैनी, तुमी म्होरं व्हा. दादाचं वजनच काय हाय!"

पहिल्या मजल्यावर वरून उतरणारा एक माणूस भिंतीला चिकटून उभा राहिला. त्याने चप्पल काढली आणि हात जोडले.

"कवा गेले?"

"राम राम," बिरू वरून म्हणाला. तो माणूस चप्पल तिथेच सोडून खाली पळाला.

दुसऱ्या मजल्यावर सुग्रीवने दम खाल्ला. तिसऱ्यावर पोचले तेव्हा एकला दहा मिनिटं कमी होती. टेबलामागे राधेश्याम बाबू बसले होते. सुग्रीवने बिरूला समोरच्या खुर्चीत उतरवलं. बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं.

"जिना स्वतः चढलात का?"

"न्हाई, आणलंय त्यान्ला," साखराबाई म्हणाली.

"मग रकान्यात काय लिहू? 'हो' लिहिलं तर अर्ज बाद. 'नाही' लिहिलं तर वरचे विचारतात, हा इथं आला कसा?"

"लिवा की, सुग्रीवच्या मानंवर आला."

"तसा रकाना न्हाई बाई." बाबूंनी रकाना कोरा सोडला. "नंतर पाहू. हात पुढं करा. आधी डावा."

"डाव्याला हात लावायचा न्हाई! डॉक्टरनी बजावलंय."

"फॉर्मात दोन्ही हात लिहिलंय."

"मंग फॉर्मालाच सुया टोचा सोमवारी!"

रांगेतली माणसं हसली. बाबू उजव्या हातावर राजी झाले. लोखंडी मूठ बिरूच्या हातात आली. आणि इथे घात झाला.

खरं तर बिरूला नुसतं दाबायचं होतं. जेवढं होईल तेवढं. चार तास मशीनवर पडून, मेंढरासारखा जिन्यातून वर आलेला माणूस, त्याच्याने होऊन होऊन किती होणार होतं? पण बाबू सवयीने म्हणाले, "लावा जोर. एवढीच ताकद का?" आणि सुग्रीवच्या अंगात एडक्यांच्या टकरीचं मैदान संचारलं. जोराचं काही दिसलं की ओरडायचं, हे त्या घराण्याच्या रक्तातच होतं.

"दाब दादा! सोडू नगं! हाण तिच्या..."

रांगेतले लोकही ओरडायला लागले. "दाबा मामा! अजून! अजून!" दारात आलेला रखमाजी टाळ्या पिटत होता. बिरूसाठी चार वर्षांत कुणी असं ओरडलं नव्हतं. लोक त्याच्याशी हळू बोलायचे, बस म्हणायचे, पडून राहा म्हणायचे. त्याने डोळे मिटले. समोर एडक्याची शिंगं आली. त्याने दातावर दात धरले, मानेच्या शिरा टरारल्या, आणि अंगात होतं नव्हतं ते सगळं त्या लोखंडात ओतलं.

टाळ्या झाल्या. सुग्रीवने शिट्टी मारली. बिरूचा हात मांडीवर पडला तो पुन्हा उचलेना.

"अठ्ठावीस," बाबू म्हणाले. "अपात्र."



"आवं, अठ्ठावीसच तर लागतं न्हवं?" साखराबाई म्हणाली.

"अठ्ठावीसच्या खाली. खाली म्हणजे खाली. तीन महिन्यांनी या."

"हात बघा त्यान्चा! पाण्याचा गिलास उचलंना!"

"यंत्र खोटं बोलत न्हाई, बाई."

साखराबाईने आधी सुग्रीवकडे पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग तिने यंत्र उचललं आणि बाबूंच्या हातात कोंबलं. "खोटं बोलत न्हाई का? मंग दाबा तुमी. बघू द्या समद्यान्ला."

"मी कशाला..."

"दाबा बाबू!" रांग ओरडली. ती आता कुणासाठीही ओरडायला तयार होती. बाबूंनी बाह्या सरकवल्या आणि दाबलं. रखमाजीने वाकून आकडा वाचला.

"बावीस."

"धरायला चुकलं," बाबू म्हणाले आणि पुन्हा दाबलं. एकवीस. त्यांचा चेहरा घामेजला. "यंत्र बिघडलंय हे."

"बिघडलंय तर मंग ह्यान्चे अठ्ठावीस बी बिघडलेलेच," साखराबाई म्हणाली. "अन् चांगलं असंल, तर बाबू, तुमी मोरीतून कसं उठता?"

कुणीतरी मागून म्हणालं, "बाबूचाच अर्ज भरा की!"

राधेश्याम बाबूंनी घड्याळाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, आणि पेन काढलं. बिरूच्या नावापुढे त्यांनी भराभर लिहिलं, बावीस.

"अन् अठ्ठावीस कुणाचे मंग?" रखमाजीने विचारलं.

"यंत्र तपासायला मी दाबलं त्याचे. पात्र आहेत हे. सही करा."

साखराबाईचा जीव भांड्यात पडला. पण बिरू हलेना. इतका वेळ मुका बसलेला माणूस मान वर करून म्हणाला, "अठ्ठावीस माझे हायेत."

"गप बसा!" साखराबाईने त्याला कोपर मारलं. "अठ्ठावीस खाऊन जगता का?"

"माझे हायेत, साखरे. चार सालात एवढीच कमाई झाली, ती बी हे घेऊन राह्यले."

"दादा, सही कर," सुग्रीव हळूच म्हणाला. "सगळ्यायनी पाह्यलंय. जाफराबादपातूर सांगतो मी, अठ्ठावीस कुणाचे ते."

बिरूने त्याच्याकडे बघितलं. मग सुग्रीवने त्याचं उजवं मनगट धरलं आणि बिरूने सही केली. सही कसली, मेंढरू चिखलातून गेल्यासारखी ओळ उमटली. बाबूंनी शिक्का मारला आणि वर न बघता पाठ म्हटल्यासारखं म्हणाले, "पिशवी दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी. इथूनच. अर्जदारानं स्वतः येऊन न्यायची. अन् जिना चढता येतो असं आढळलं तर लाभ बंद."

 बिरूने, उजवा हात उचलत नव्हता म्हणून, डाव्या हाताच्या बोटाने, शीर सांभाळत, अर्ज आपल्याकडे ओढला. तो कोरा रकाना त्याने शोधून काढला आणि त्यावर बोट ठेवलं.

"बाबू, हे तेवढं भरा."

"ते नंतर."

"नंतर न्हाई. अंडी खाल्ली, ताकद आली, चढलो, तर अंडी बंद. न्हाई खाल्ली तर चढायचं कसं? तुमी न्हाई सांगू शकत तर ज्यानं हे छापलं त्याला फोन लावा."

एक वाजून गेला होता. बाबू उठले, खिडकी लावली, पंखा बंद केला. रखमाजी किल्ल्या घेऊन दारात उभा राहिला. बिरू खुर्चीतून हलला नाही. हलणार तरी कसा? त्याला खाली नेणारा सुग्रीव आता हाताची घडी घालून भिंतीला टेकला होता, आणि साखराबाईने जमिनीवर बसकण मारली होती.

"उठा मामा, कुलूप लावायचंय," रखमाजी म्हणाला.

"लावा," बिरू म्हणाला. त्याचं बोट अजून त्याच रकान्यावर होतं. "पण आधी सांगा. चढू का नगं?"