व्याह्याच्या मागं दीड किलोमीटर

"पळा. पळू नका असं मी म्हणतच न्हाई," शरणम्मांनी भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. "पण व्याह्याच्या मागं पळा."

जगदेवप्पांच्या हातातला बूट हातातच राहिला. बीदरकडच्या मेहकरमधल्या आपल्या घरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ते मघापासून पळायचे बूट जुन्या दातांच्या ब्रशनं घासत होते. उद्या कलबुर्गीला विभागाच्या ज्येष्ठांच्या स्पर्धा होत्या, त्यात पन्नाशीपुढच्यांची पंधराशे मीटर. दोन वर्षं लागोपाठ त्यांना रुप्याचं पदक मिळालं होतं. दोन्ही वेळा सोनं घेऊन गेलेला बीदरचा गडी यंदा गुडघा धरून घरी बसला होता. म्हणजे मैदान मोकळं होतं, आणि नेमकं आत्ताच बायकोला हे सुचावं!

"मागं म्हंजे?"

"मागं म्हंजे मागं. पोरीचा बाप हाव तुमी. परवा त्यांच्या घरी जेवायला बसलाव, तवा त्यांनी घास उचलायच्या आधी तुमी उचललाव का? न्हाई ना? मग हे बी तसंच."

"अगं, ते जेवण होतं. ही शर्यत हाय."

"शर्यत तुमाला. वीरण्णांच्या घरी मान म्हणतेत त्याला. शेजारच्या रुद्रम्माच्या पोरीचं ठरलेलं लग्न कामून मोडलं? मानाचा टावेल हलका दिला म्हणून! टावेलावरून मोडतंय, तर सोन्याच्या पदकावरून काय होईल?"

गोष्ट तशी नाजूकच होती. त्यांची मुलगी नागरत्ना आणि कलबुर्गीचे तूरडाळीचे व्यापारी वीरण्णा यांचा संगमेश, दोघं एकाच कॉलेजात शिकलेले. दोघांचं एकमेकांवर मन आहे हे घरात कुणालाही माहीत नव्हतं, निदान तसं दाखवायचं असं सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं. हे मोडलं तर पोरगी आतून मोडेल, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पाहण्याचा कार्यक्रम झाला होता, पत्रिका जुळली होती. शर्यत झाली की संध्याकाळी वीरण्णांच्याच घरी शेवटचं बोलणं व्हायचं आणि कुंकू लावायचं होतं.

आणि योगायोग बघा, डॉक्टरनं साखरेचा धाक घातल्यापासून वीरण्णाही दोन वर्षं पळत होते. "आता मैदानावरच भेटू, बीगरे," असं ते मिशीला तूप लागलेलं असतानाच, व्याह्याला कानडीत हाक मारत म्हणाले होते. त्यांचं पोट बघून जगदेवप्पांनी तेव्हाच मनात हिशेब केला होता, की या माणसाला हरवायला फारसं पळावंही लागणार नाही. त्यामुळं त्यांच्याकडून हरायचं म्हणजे मोठंच काम होतं.

"अप्पा, तुमाला जमतंय तसं पळा," नागरत्ना आतून म्हणाली. पण तिचा आवाज इतका बारीक होता, की जगदेवप्पांनी बूट खाली ठेवला आणि बायकोला म्हणाले, "बरं. मागं."

आता जगदेवप्पांचा डाव साऱ्या विभागाला पाठ होता. शेवटच्या फेरीची घंटा होईपर्यंत दुसऱ्याच्या पाठीमागं सावलीत बसल्यासारखं पळायचं, वारा त्याला खाऊ द्यायचा आणि शेवटच्या वळणावर सुसाट सुटायचं. म्हणून बाकीच्यांनीही एक डाव पक्का केला होता: काही झालं तरी जगदेवप्पांच्या पुढं जायचं नाही, त्यांच्या मागं राहायचं. वीरण्णांनी तर मोबाइलवर परदेशी शर्यती बघून बघून हीच गोष्ट घोकली होती. त्यांनाही आपल्या व्याह्याच्या मागंच राहायचं होतं.

पुढं काय झालं असेल हे शहाण्या वाचकाच्या लक्षात आलंच असेल. जगदेवप्पांच्या मात्र आलं नव्हतं.

"बर्री बीगरे, बर्री!" सुरुवातीच्या रेषेवर वीरण्णांनी हात जोडून स्वागत केलं, जणू मैदान त्यांच्याच अंगणात होतं. जगदेवप्पांनी वाकून नमस्कार केला. बार झाला. आठ गडी सुटले आणि वीस पावलांत सगळ्यांचा वेग मेला. जगदेवप्पा वीरण्णांच्या मागं जाण्यासाठी हळू झाले, वीरण्णा जगदेवप्पांच्या मागं जाण्यासाठी हळू झाले आणि ते दोघे हळू झाले म्हणून बाकीचेही हळू झाले. सगळे मागं, पुढं कुणीच नाही.

"व्हा की पुढं, बीगरे," वीरण्णा पळता पळता म्हणाले. म्हणजे त्याला पळणं म्हणायचं असेल तर.

"छे छे, अण्णा. तुमच्या पुढं मी? तुमचा मान हाय."

"मान घरी ओ. हितं पळायचंय."

"तेच म्हणायलो मी. पळा की तुमी."

'लई डावपेची माणूस हाय हा,' वीरण्णांनी मनात म्हटलं आणि आणखी हळू झाले. जगदेवप्पा त्याहून हळू झाले. बाहेरच्या कडेनं फक्कीची गाडी ढकलत रेषा मारत चाललेला माणूस त्यांना मागं टाकून वळणापर्यंत पोचला. गोळाफेकवाले गोळे टाकून बघायला आले. ध्वनिक्षेपकावरून मुख्य पंच अनिलकुमार सरांचा आवाज आला, "चालण्याची शर्यत उद्या सकाळी आहे. ही पंधराशे मीटर आहे. स्पर्धकांनी कृपया लक्ष द्यावं."

लोक हसून लोळायचे बाकी राहिले. पायऱ्यांवर वीरण्णांच्या हेमावतीबाई शेजारी बसलेल्या शरणम्मांना म्हणाल्या, "हे असं कामून पळायलेत ओ? पाय दुखायलेत का?"

"न्हाई ओ," शरणम्मा समाधानानं म्हणाल्या, "आमचे लई रीतीचे हाएत."

शेवटच्या फेरीची घंटा वाजली आणि इथं घोटाळा झाला. डोक्याला बायकोनं बजावलं होतं, पायांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. गेली कित्येक वर्षं ते घंटेनंतर शेवटच्या वळणावर सुटायचे, तसे आजही सुटले. वळण संपेपर्यंत जगदेवप्पा सगळ्यांच्या पुढं, वीरण्णा मागून फुसफुसत, आणि बाकीचे अवाक. अगदी रेषेजवळ पोचल्यावर पायऱ्यांवरून एक आवाज मैदान फाडत आला.

"ओ! मागं! मागं म्हटलं ना!"

जगदेवप्पा जागच्या जागी थांबले. रेषा चार हातांवर होती. मागून वीरण्णा आले आणि तेही थांबले.

"कामून थांबलाव?"

"तुमी आधी."

"मी कशाला आधी? तुमी पुढं होताव."

"चुकून झालं. व्हा की ओ, अण्णा, पाया पडतो."

"बीगरे, लोक बघायलेत!"

मागचे पाच जण आले. पुढच्या दोघांनी थांबून काहीतरी भयंकर नवा डाव टाकलेला दिसतोय, असं समजून तेही थांबले. तेवढ्यात चिंताकीचे गुरुपादय्या आले. सत्तरी ओलांडलेले गुरुपादय्या डाव वगैरे जाणत नव्हते. ते फक्त हळू पळत, आणि पहिल्यापासून सगळ्यात मागं होते. "सरका, सरका की जरा," म्हणत ते सातही जणांच्या मधून वाट काढत गेले आणि पहिले आले.

गुरुपादय्यांनी आकाशाकडं बघून हात जोडले, नातवाला फोन लावला, सोनं मिळालं म्हणून सांगितलं आणि मगच त्यांना कळलं, की अनिलकुमार सर शर्यत रद्द करायलेत.

"ही शर्यत हाय का वरात?" सर लाल झाले होते. "एक तासानं पुन्हा पळायचं. आणि ज्यानं जीव लावून पळलं न्हाई, त्याला कायमचा बाद करीन. समजलं?"

"आता घरी काय सांगू मी?" गुरुपादय्या म्हणत होते, पण त्यांच्याकडं बघायला कुणाला वेळ नव्हता. कारण पाण्याच्या ड्रमाआड वीरण्णांनी जगदेवप्पांना गाठलं होतं.

"मला येडा समजलाव का?" वीरण्णांचं नाक थरथरत होतं. "मला सोडायलाव? जिलेबीचा तुकडा दिल्यासारखं पदक द्यायलाव मला?"

"तसं न्हाई ओ, रीत म्हणून…"

"कसली रीत! दोन वर्षं अंधारात उठून पळायलोय मी. जिलेबी सोडली. भात सोडला. दुकानातली पोरं माझ्या चड्डीला हसायलीत, तरी पळायलोय. कामून? एकदा तुमच्यासारख्या गड्याबरोबर खरं पळावं म्हणून! आन् तुमी…" त्यांचा आवाज फाटला. "ऐका बीगरे. हरवा न्हाईतर हरा, पण खरं. आता जर पुन्हा सोडलाव, तर संध्याकाळी माझ्या घरी यायचं न्हाई. खोटं पळणाऱ्या घरची पोरगी मला नको."

जगदेवप्पा पायऱ्यांकडं गेले ते पांढरेफटक होऊन. सगळं ऐकल्यावर शरणम्मांनी कपाळाला हात लावला. "अय्यो! मग पळा ओ खरं! बघायलाव काय माझ्या तोंडाकडं?"

आणि त्याच क्षणी जगदेवप्पांच्या मनात काय उजेड पडला म्हणता! पळायची मोकळीक, तीही बायकोकडून, आणि वर व्याह्याचा हुकूम. सोनं आणि सोयरीक दोन्ही एकाच पळण्यात! देव पावला म्हणतात तो याहून वेगळा कसा पावेल? त्यांनी बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा करकचून बांधल्या. शेजारून नागरत्ना म्हणाली, "जपून, अप्पा." त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "तू साडी कुठली नेसायची ते बघ."

दुसरी शर्यत शर्यतीसारखी झाली. या वेळी वीरण्णाच पुढं झाले आणि जगदेवप्पा आनंदानं त्यांच्या मागं बसले. वीरण्णांची पाठ घामानं चिंब झाली, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. 'आता फुटतो, मग फुटतो,' जगदेवप्पा वाट बघत राहिले. घंटा झाली. वळणावर जगदेवप्पा सुटले, वीरण्णांच्या खांद्याला खांदा लावला, पुढं गेले. पायऱ्यांवरून शरणम्मा "पळा, पळा!" म्हणून ओरडत होत्या. पंचवीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला असं कधी म्हटलं नव्हतं.

मग जगदेवप्पांना उजव्या कानाशी ती शिट्टी ऐकू आली.

त्यांनी जोर लावला. शिट्टी मागं पडेना. त्यांनी दात खाल्ले, मान ताणली, उरलंसुरलं सगळं पायात ओतलं. ते पोट, ती मिशी, ती दुकानात हसतात ती चड्डी हळूहळू त्यांच्या शेजारून पुढं गेली. हातभर पुढं गेली आणि तशीच रेषेपलीकडं गेली.

जगदेवप्पा रेषेवर पालथे पडले. मातीत गाल टेकून श्वास घेताना एकच गोष्ट त्यांना स्वच्छ दिसत होती, की यात कुणाची काही चूक नव्हती. ना बुटांची, ना वाऱ्याची. समोरचा माणूस जास्त चांगला पळाला होता. आयुष्यात पहिल्यांदा एवढं वाईट वाटलं त्यांना.

वर बघितलं तर वीरण्णा कमरेवर हात ठेवून उभे.

"पुन्हा सोडलाव!"

"न्हाई ओ!" जगदेवप्पांना धड बोलता येईना.

"खोटं! तुमी, आन् माझ्याकडून हरणार? मी काय तुमचं पळणं बघितलं न्हाई व्हय?"

गर्दी जमली. शरणम्मा धापा टाकत खाली आल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. "पोरीचं वाटोळं करायलाव का? खरं पळा म्हटलं होतं ना!" अनिलकुमार सरांनी वही काढली. "नाव सांगा. बाद." हेमावतीबाईंनी पदर सावरला आणि संगमेशला चल म्हणून खूण केली. संगमेश हलला नाही. नागरत्ना कठड्याला धरून उभी होती, आणि तिच्या तोंडावरचा सगळा रंग गेला होता.

जगदेवप्पांनी ते बघितलं. ते उठले, लटपटत सरांच्या टेबलापाशी गेले आणि माइक हातात घेतला. मेहकरचे चार-पाच जण पायऱ्यांवर बसले होते. गावात पारावर बसून गेली कित्येक वर्षं जगदेवप्पा सांगत आले होते, की शेवटच्या वळणानंतर आपल्याला गाठणारा अजून जन्मायचाय. ते चार-पाच जण आता पुढं सरकून बसले.

"मी," जगदेवप्पा म्हणाले आणि थांबले. "मी सोडलो न्हाई. जीव तोडून पळालो. पायात होतं न्हवतं तेवढं घातलो. हे… हे आमचे वीरण्णा अण्णा माझ्याहून चांगलं पळाले. मी हरलो."

शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज गेला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते लपवायला त्यांना वेळही मिळाला नाही.

वीरण्णा त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांचीही मिशी थरथरली. "खरंच हरलाव की ओ तुमी!" असं म्हणत त्यांनी व्याह्याला अशी मिठी मारली, की दोघंही टेबलावर आदळले. माइक चालूच होता. त्यामुळं "पोरगी आमची! आजपासून आमची! हेमा, कुंकू आण गं!" हे सगळ्या मैदानानं ऐकलं. थाळीफेकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. नागरत्नानं दोन्ही हातांत तोंड लपवलं. अनिलकुमार सरांनी वही मिटली.

संध्याकाळी सगळं रीतीनं पार पडलं. वीरण्णांनी गळ्यातलं पदक जेवतानाही काढलं नाही. परतीच्या बसमध्ये शरणम्मा मांडीवर पेढ्यांचा डबा धरून बसल्या होत्या. बस सुटली, तशा त्या नवऱ्याच्या कानाशी आल्या.

"ओ. एक सांगू का?"

"सांग."

"लई झाक केलाव तुमी. ते पडणं काय, ते माइकवर बोलणं काय! डोळ्यांत पाणी बी आणलाव. मला बी घडीभर खरंच वाटलं बगा. पोरीसाठी एवढं सोंग दुसऱ्या कुणाला जमलं नसतं."

आणि त्या अशा कौतुकानं बघायला लागल्या, जसं त्यांनी नवऱ्याकडं लग्नात तरी बघितलं होतं की नाही कोण जाणे. पुढच्या बाकावरून नागरत्नानं मान वळवून बापाकडं बघितलं आणि पुन्हा खिडकीकडं तोंड केलं.

जगदेवप्पांनी डब्यातला एक पेढा उचलला.

"करावं लागतंय," ते म्हणाले. "पोरीचा बाप हाय मी."