अकरा अर्धवट कवळ्या

माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही. जे सुटतं ते मुळात बघण्यासारखं नव्हतंच, असं मी नंतर ठरवतो. लोकांच्या लेखी मी कवळ्या बनवणाऱ्या कार्यशाळेचा सुपरवायझर आहे, पण ते पोटापुरतं. पिंडाने मी गुप्तहेर. आजवर तीन प्रकरणं हाताळली. पहिल्यात हरवलेली किल्ली माझ्या खिशात सापडली, दुसऱ्यात माझ्याच दुसऱ्या खिशात, आणि तिसऱ्याचा तपास चालू आहे, कारण त्या दिवशीची पॅंट धुवायला गेली.

चौथं प्रकरण गुरुवारी आलं. मालकीणबाईंनी मला खोलीत बोलावून एक पत्र पुढे सरकवलं. एका निवृत्त मास्तरांचं होतं. रविवारी नातीचं लग्न, त्यात त्यांना भाषण करायचं होतं आणि सोमवारी मिळायची कवळी अजून पोचली नव्हती. ‘दातांशिवाय मी शुभेच्छा दिल्या तर पहिल्या रांगेला रुमाल लागतील,’ असं त्यांनी लिहिलं होतं.

“कवळी नव्या कारागिराकडे आहे,” बाई म्हणाल्या. “त्याच्या हातची कवळी बसली की माणूस आरशासमोरून हलत नाही. पण टेबलावर अकरा कवळ्या अर्धवट पडल्यात. उद्या संध्याकाळपर्यंत कारण शोधा. नाहीतर त्याला काढावं लागेल, आणि ते मला मुळीच आवडणार नाही.”

“गुन्हेगार उद्या तुमच्यासमोर उभा असेल,” मी म्हणालो.

“मला गुन्हेगार नकोय हो. कारण हवंय.”

अशा बारकाव्यांत गुप्तहेर अडकत नसतो. मी कारागिरावर पाळत ठेवली. चार महिन्यांपूर्वी रुजू झालेला, तिशीचा, अबोल माणूस. कानांवर सदैव हेडफोनसारखं जाडजूड आवरण. अकरा वाजता तो उठून मागच्या अंगणात गेला. मी पाण्याच्या टाकीआड लपलो. तो गोल गोल चालत होता आणि तोंडाने आकडे मोजत होता. सांकेतिक भाषा! दुसऱ्या कार्यशाळेला आमची गुपितं पोचत होती तर. पाचव्या फेरीला तो टाकीपाशी थांबला. “साहेब, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय,” तो म्हणाला आणि आत गेला.

मग तो हातातलं सोडून समोरच्या भिंतीकडे बघत बसला. म्हणजे प्रेमप्रकरण. भिंतीपलीकडे कोण आहे ते मी लगेच जाऊन पाहिलं. प्लास्टरची पोती होती. प्रेम आंधळं असतं हे मान्य, तरी मी तो मुद्दा बाजूला ठेवला.

शुक्रवारी दुपारी तिसरा सिद्धांत सुचला आणि अंगावर काटा आला. दातांची चोरी! सगळे जेवायला गेल्यावर मी कारागिराचा दातांचा डबा मोजायला घेतला आणि तो हातातून निसटला. दोनशे दात फरशीभर पसरले. मी रांगत ते गोळा करत असताना समोर एक झाडू येऊन थांबला. वर पाहिलं, तर सफाईवाल्या मावशी.

“काय शोधताय?”

“त्याची कामं अर्धवट ठेवायला लावणारा माणूस शोधतोय, मावशी.”

“अहो, तो तर तुम्हीच की.”

मी दात खाली ठेवले.

“मी रोज इथं पुसते, मला दिसतं,” मावशी म्हणाल्या. “काल सकाळी त्यानं मास्तरांची कवळी हातात घेतली. तुम्ही दारातून ओरडलात, ते राहू दे, आधी वकिलांचं घे. त्यानं ते घेतलं. पाच मिनिटांनी परत तुम्ही. ते ठेव, आधी कालचं पॉलिश, आणि ते साचेही बघ, आणि शिंपीणबाईंचा तो दात. जेवणापर्यंत नऊ वेळा आलात. मोजलंय मी.”

“पण मी सगळ्यांनाच तसं सांगतो. बाकीच्यांची कामं होतातच की!”

“बाकीचे तुमचं ऐकतच नाहीत. हो हो म्हणतात आणि हातातलं पुरं करतात. तो बिचारा सगळं ऐकतो. तुम्ही तीन दिवस रजेवर होतात, तेव्हा त्यानं चार कवळ्या केल्या.”

हा आरोप खोडून काढायला मी कारागिराची फाईल उघडली. सगळ्यात वर, रुजू झाल्याच्या तारखेचं, माझ्या नावाचं बंद पाकीट होतं. सवडीने बारकाईने वाचू म्हणून मी ते जपून ठेवलं होतं.

‘एका वेळी एक काम लिहून मिळालं तर मी ते नीट करतो. तोंडी तीन कामं आली की आधी कोणतं धरायचं ते मला ठरवता येत नाही आणि हात थांबतात. कानांवर आवरण आवाजासाठी आहे. अकराला पाच फेऱ्या मारल्या की डोकं ठिकाणावर येतं. मागच्या ठिकाणी हे सांगायला मी उशीर केला, म्हणून इथे पहिल्याच दिवशी कळवतो.’

मला लाज वाटली. थोडीथोडकी नाही, चांगली चार महिन्यांची.

संध्याकाळी मी बाईंसमोर उभा राहिलो. “गुन्हेगार हजर आहे,” म्हणालो आणि पत्र पुढे केलं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. “हे तुम्ही शोधलंत?”

हो म्हणायचा मोह फार झाला. “मावशींनी,” मी म्हणालो. “त्याला काढू नका, बाई. दारातून ओरडणं आजपासून बंद. कामं लिहून देतो.”

“त्याला कोण काढतंय आता? आधी जाऊन त्याची माफी मागा.”

मी माफी मागितली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलेली चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्याने ती नीट वाचली.

“यात सहा कामं आहेत, साहेब.”

“पण लिहून दिलीत ना!”

“यातलं पहिलं कोणतं?”

मी तोंड उघडलं. वकिलांचं? की साचे? पॉलिशही तातडीचंच होतं. मी चिठ्ठी परत घेऊन वरून खाली वाचली, मग खालून वर. मला ठरवता येईना. चार महिने मी दारात उभा राहून त्याच्याकडे जे मागत होतो, ते मलाच जमत नव्हतं.

त्याने घाई केली नाही. कानांवरचं आवरण काढून ठेवलं आणि शेजारचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

“बसा साहेब,” तो म्हणाला. “मलाही वेळ लागतो. रविवारी कुणाला बोलायचंय, तिथून सुरू करू.”