डोमाजी आणि पानातला पडदा

दुसऱ्याच्या पातेल्यात न विचारता डोकावणारा माणूस आमच्या एकोडीत एकच, डोमाजी. माझा शेजारी. लग्न केलं नाही. साकोलीच्या एका शाळेत प्रयोगाच्या खोलीत शिपाई होता. बिटाचा काप थंड पाण्यात टाकला तर पाणी तसंच राहतं, गरम पाण्यात टाकला की लाल होतं. हे त्यानं जन्मभर पोरांसाठी मांडून दिलं. नोकरी सुटली, बीट डोक्यातच राहिलं.

"पानात, फळात बारीक खोल्या असतात," तो म्हणतो. "हरेक खोलीले पडदा. तो रंग धरून ठेवते. ताप जास्त झाला का पडदा ढिला, सारा माल बाहेर!"

लग्नात आचाऱ्याच्या मागे उभा राहून वांग्याच्या रश्श्यात पाहील आणि म्हणेल, "पडदे गेले." आचारी झारा उगारतो. माझ्या बायकोच्या तेरवीलाही कोहळ्याच्या भाजीवर वाकून तेच बोलला. साळ्यानं त्याला हात धरून बाहेर काढलं.

बायकोला जाऊन वर्ष होत आलं. मागच्या अंगणात तिचा लाल भाजीचा वाफा आहे, लाल माठाचा. बी तिच्या माहेरचं, बपेऱ्याचं. दरवर्षी ती स्वतः धरायची. यंदा मी उरलं तेवढं सगळं पेरलं. ही रोपं बियाला आली नाहीत तर तिचं बी संपलं. बाजारात मिळतं, पण ते तिचं नाही.

मे महिन्यात भर दुपारी रोपांनी माना टाकल्या. मला दया आली. उन्हात पडलेला पाइप उचलला आणि नळ सोडला.

"अरे बावा, काय करून राहिलास? वाफ्यातच भाजी शिजवतोस काय?" लुंगी सावरत डोमाजी भिंत ओलांडून आला. त्यानं नळ बंद केला. पाणी हात पोळेल एवढं तापलं होतं.

मी रोपांवर वाकलो. "मेली का रे?"

"रडू नको. दोन गिलास आण. थंड पाणी भर, माठातलं."

एका गिलासात त्यानं भिजलेलं खालचं पान बुडवलं, दुसऱ्यात शेंड्याचं. "देठ पाण्याबाहेर धर. कापल्या जागेतून रंग गळतेच, तो हिशेबात धरायचा नाही."

दोघं म्हातारे गिलास धरून बसलो. खालच्या पानाचं पाणी गुलाबी होत गेलं. शेंड्याच्या पानाचं मात्र स्वच्छच राहिलं.

"खालचे पडदे गेले, जाऊ दे. शेंडा शाबूत हाये. उठते हे."

आणि उठली रोपं. नवी पानं फुटली.

परवा दुपारी झोपून उठलो तर डोमाजी वाफ्याजवळ. छत्री रोपांवर धरलेली, स्वतःचं टक्कल उन्हात.

"काहून बसलास रे? घरी जा ना."

"घरी कोण हाये मले?" तो रोपांकडेच पाहत म्हणाला. "वहिनी भिंतीवरून विचारायची, जेवले का भाऊजी. मी म्हणो, जेवलो. खोटं. तिले समजे. मंग ही लाल भाजी द्यायची, खाली दोन भाकरी ठेवून."

हे मला तिनं कधी सांगितलं नव्हतं.

मी त्याच्या हातातली छत्री घेतली.

"आत भात झाकून ठेवला आहे. जा, जेव. तोवर मी धरतो."