राजे हैबतराव यांचे भीमथडी मोटारसायकलीची समुद्रमोहीम

श्री विघ्नहर्त्याचे पायीं मस्तक ठेवोन, आणि ज्यांचे कृपेनें गंजला नट सुटतो त्या सर्व दैवतांस साष्टांग नमन करोन, विज्ञापना ऐसी जे: शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरीं, मार्गशीर्ष मासीं, घाटमाथ्यावरील एका राज्यांत जें वर्तमान घडलें तें जैसें घडलें तैसें लिहिलें असे. राज्याचें नांव पुसों नये. विस्तार म्हणाल तर तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागील दारीं फरसबंद अंगण, त्यावर पत्रा. त्या पत्र्याखालील जागेस पागा ऐसें म्हणत. तेथें राजे हैबतराव राज्य करीत. दिवसां सरकारी कचेरींत चाकरी, सांज जाहली म्हणजे राज्य, ऐसा शिरस्ता. त्यांची राणी चिमाबाईसाहेब, कन्याशाळेंत गणित शिकवीत, आवाज खडा, हिशेब चोख, आणि हंसूं आलें म्हणजे आवरत नसे. आणि राजांची मोटारसायकल, काळी, वजनदार, नांव भीमथडी, ती पागेंत नांदत असे. लग्न जाहलें तेव्हां पंगत उठण्याचे आधींच राजांनीं राणीचे कानांत वचन दिलें होतें कीं, याच भीमथडीवर पाठीशीं बसवोन तुम्हांस समुद्र दाखवूं. राणी कोरड्या मुलुखांतली, समुद्र तिनें चित्रांत मात्र पाहिला होता. वचन ऐकोन तिला आकाश ठेंगणें जाहलें. त्यास वर्षें लोटलीं, कन्या शिकोन परगांवीं वसतिगृहास गेली, राजांचे कल्ले पांढरे जाहले, तरी समुद्र होता तेथेंच राहिला आणि भीमथडी पागेंत राहिली. कारण पुसावें तर राजे म्हणत, गाडीचें थोडें काम बाकी आहे.

आतां तें काम कैसें होतें तें ऐकावें. आदितवार उजाडला कीं राजे जुनी विजार नेसोन पागेंत उतरत, आणि मग पाने, पक्कड, हातोडी यांची मांडामांड होई, आणि मग इंजिनाखालील बूच उघडोन जुनें ऑइल काढीत, तें परातींत धरीत. परात पुरणाची होती. याविषयीं राणीनें एकदां जें भाषण केलें तें चार घरें ऐकूं गेलें, मग राजांनीं परात घांसोन परत केली आणि पुढील आदितवारीं कढई नेली. मग चेन रॉकेलनें धुवावी, दांत घासावयाचे ब्रशानें कडी कडी घासावी, ग्रीस चोळावें, फडक्यानें पुसावी, आणि पुसोन जाहल्यावर चेन फार कोरडी तर जाहली नाहीं ऐसें वाटोन पुन्हां ग्रीस चोळावें. स्पार्क प्लग काढोन उजेडांत धरावा, जैसा सोनार नग धरितो, आणि 'हूं' म्हणोन परत लावावा. यांत काय पाहिलें तें राजांसही ठाऊक नसे, परंतु 'हूं' म्हटल्याविना प्लग बसत नाहीं ऐसी त्यांची श्रद्धा होती.

इतकें डागडुजीचें. त्याउपरि शृंगार. राजे रोज जेवतां जेवतां मोबाइलचे कांचेंत देशोदेशींचे उस्ताद पाहत, ते लडाखाहून, कोठकोठल्या वाळवंटांतून बोलत कीं लांब मजल मारणें तर अमुक पाहिजे, तमुक पाहिजे. आणि शेजारीं भास्करपंत म्हणोन पेन्शनीत मुत्सद्दी होते, त्यांजपाशीं सायकलही नव्हती, परंतु सल्ला देण्यांत त्यांचा हात धरणारा पंचक्रोशींत कोणी नव्हता. ते चहाचे वेळीं बरोबर येत आणि म्हणत, राजे, सर्व उत्तम, परंतु घाटांत वारा लागेल. मग वाऱ्यासाठीं पुढें कांच बसली. मग म्हणाले, गाडी आडवी पडली तर? मग दोहों बाजूंस लोखंडी गार्ड बसले. मग म्हणाले, धुकें पडलें तर? मग दिवे आले, आधीं दोन, मग दोन, मग आणखी चार, आणि पेटवले म्हणजे समोरचे गल्लींतील कोंबडा पहांट जाहली समजोन आरवे. हॉर्न ऐसा आणिला कीं प्रथम वाजविला तेव्हां भास्करपंतांचा चहा त्यांचेच धोतरावर सांडला, तरी पंत म्हणाले, उत्तम, परंतु थोडा मोठा चालला असता. येणेंप्रमाणें प्रत्येक अडचणीस एक वस्तु आणि प्रत्येक वस्तूस एक नवी अडचण, ऐसें चालिलें. राणी दर सणास विचारी कीं, समुद्र केव्हां? राजे म्हणत, एवढा एक आवाज निघूं द्या.

तो आवाज म्हणजे एक टकटक होती. राजांस ऐकूं येई, इतर कोणास येत नसे. चालविणाऱ्यास आवाजाचें मूळ सांपडत नाहीं, तें बाहेरून ऐकावें लागतें, हा या विद्येचा नियम. म्हणोन राजांनीं राणीस खोगिरावर बसविलें, क्लच दाखविला, गिअर दाखविला, आणि सांगितलें कीं तुम्ही गल्लीचे टोकापर्यंत सावकाश न्यावी, आम्ही कान देऊन शेजारून धांवतों. राणी आधीं भ्याली, गाडी दोनदां बंद पाडिली, एकदां भास्करपंतांचे तुळशीवृंदावनापर्यंत नेली, आणि पंत चौथऱ्यावर चढले. मग हात बसला. मग दर आदितवारीं राणी पुढें आणि राजे धोतराचा सोगा धरावा तैसा विजारीचा पायचा धरोन मागें, "हळू, ऐकूं द्या, ऐकूं द्या" ऐसें ओरडत धांवताहेत, हा देखावा पाहावयास लोक गॅलरींत खुर्च्या मांडीत. टकटक कांहीं सांपडली नाहीं. परंतु राणी वळणें घेऊं लागली, खड्डा पाहोन गिअर उतरवूं लागली, आणि गल्लीचे टोकास जाऊन परत फिरावयास तिला अधिक अधिक वेळ लागूं लागला. राजे नुसते कानानेंच पाहत होते, त्यांचे ध्यानांत हें आलें नाहीं.

पुढें मार्गशीर्षांत ऐसें जाहलें. कांचेंतील एका उस्तादानें सांगितलें कीं मोहिमेस पाण्याचा कॅन, तेलाचा कॅन, तंबू, आणि पत्र्याची मोठी पेटी पाहिजे. राजांनीं पेटी आणिली. बसवावी कोठें? भास्करपंतांनीं डोकें खाजवोन मागील सीटेकडे बोट दाखविलें. राजांस पटलें. मागील सीट काढिली, तेथें लोखंडी जाळी ठोकिली, जाळीवर पेटी, पेटीवर कॅन, आणि दोघे मागें सरोन पाहूं लागले, तों काय थाट, काय रूप, डोळे निवाले. इतक्यांत राणी शाळेंतून आली. तिनें पाहिलें. पिशवी खालीं ठेविली. भीमथडीस एक फेरी घातली आणि अगदीं शांतपणें विचारिलें कीं, आम्हीं कोठें बसावयाचें? राजांनीं पेटीकडे पाहिलें, पंतांकडे पाहिलें. पंतांस एकाएकीं घरीं दूध उतूं जात असल्याचें स्मरलें. मग राणीचा बांध फुटला. ती बोलली कीं, इतकीं वर्षें एका वचनावर काढिलीं, दिव्यांस जागा आहे, पेटीस आहे, तेलास आहे, बायकोस नाहीं. डोळ्यांत पाणी आणि हातांत पाना, ऐसें तिचें रूप राजांनीं पूर्वीं देखिलें नव्हतें. शेवटीं म्हणाली, "उद्यां सकाळीं मी समुद्राकडे निघतें. गाडी मी चालवितें. तुम्हांस यावयाचें असेल तर मागें सीट बसवा आणि मागें बसा." इतकें बोलोन आंत गेली आणि दशम्यांचें पीठ भिजवूं लागली. राजे घाबरले, पेटी उतरली, जाळी उतरली, सीट जागेवर आली, आणि जें काम एरव्हीं राजांस दिवाळीपासोन होळीपर्यंत पुरतें तें दशम्या भाजोन होण्याचे आंत जाहलें.

दुसरे दिवशीं स्वारी निघाली. राणी पुढें, ओढणी कंबरेस घट्ट, शिरस्त्राण लाल. राजे मागें, मुद्रा म्हशीनें पेंड नाकारावी तैसी. भास्करपंतांनीं घाटाचे हवेविषयीं कांहीं सांगावयास तोंड उघडिलें, तों राणीनें हॉर्न दिला. मग गांव सुटलें, उंसाचे फड सुटले, ऊन कोवळें, रस्ता मोकळा, आणि राणी गाऊं लागली. राजे मागून म्हणाले, टकटक येते आहे, थांबवा. राणी म्हणाली, तुमचे दांत वाजताहेत. थोडें पुढें राजे म्हणाले, इंजिन तापलें असेल, थांबवा. राणी म्हणाली, चहास थांबूं तेव्हां थंड होईल. चहास थांबले, तों राजे तत्काळ पान्यांची पिशवी काढावयास गेले. पिशवी उघडोन पाहातां आंत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि राणीचें नवें लुगडें. पाने घरीं. राजांचे पायाखालची जमीन सरकली. म्हणाले, हत्यारांविना मोहीम? राणी म्हणाली, मोहिमेस आलों नाहीं, समुद्र पाहावयास आलों, दशमी खा. आणि आश्चर्य ऐसें कीं भीमथडी घाट उतरली, पूल ओलांडला, लाल मातीचा रस्ता तुडविला, आणि तिला कांहीं म्हणजे कांहीं जाहलें नाहीं. इतकीं वर्षें जी गाडी दुखणाइतासारखी जपली ती हरिणीसारखी पळाली, आणि वाटेंत केव्हांतरी राजांनीं टकटक ऐकणें सोडिलें, आणि राणीचे गाण्याचें ध्रुवपद धरिलें.

मग सुरूचें बन लागलें, आणि बनापलीकडे समुद्र. राणीनें गाडी उभी केली, चपला काढिल्या आणि सलवार वर खोंचोन जी पळाली ती गुडघाभर पाण्यांत जाऊन थांबली. लाट आली कीं किंचाळे, लाट गेली कीं हंसे, आणि परत लाटेस हाक मारी. राजे वाळूंत उभे राहोन तिला पाहत होते, आणि त्यांस ऐसें वाटलें कीं हिचे मागील बाजूनें आतां मोठी रोषणाई पाहिजे. सूर्य बुडत होता. राजे भीमथडीपाशीं गेले आणि आठही दिवे पेटविले. समुद्र उजळला, कोळणी जाळीं टाकोन पाहूं लागल्या, राणीनें टाळ्या पिटल्या, आणि राजे धन्य जाहले. दिवे तैसेच जळत राहिले. मग दोघांनीं वाळूंत बसोन शेंगा खाल्ल्या, मग अंधारूं लागलें, मग दिवे पिवळे जाहले, मग तांबडे, मग गेले. राजे उठले, बटण दाबिलें. गाडी 'कट्' म्हणाली आणि गप्प जाहली. बॅटरी उतरली. आतां सुज्ञ म्हणतील, किक मारावी. परंतु किक नव्हती. दांडी बाहेर आलेली बरी दिसत नाहीं म्हणोन राजांनीं ती शृंगाराचे भरांत कापोन काढिली होती, हें मीं राजांचे अब्रूखातर इतका वेळ सांगितलें नव्हतें.

राजे हैबतराव वाळूंत मटकन बसले. तोंड ओंजळींत लपविलें आणि म्हणाले, "हेंच भय होतें. तुम्हांस घेऊन दूर जावें, आणि मध्येंच बंद पडावी, आणि तुम्ही म्हणावें कीं कसल्या माणसाचे मागें बसलें. म्हणोन निघालोंच नाहीं."

राणी ऐकत होती. इतकीं वर्षें जो नट कोणत्याही पान्यानें सुटला नव्हता तो आतां सुटला होता. ती त्यांचे शेजारीं बसली, त्यांचे कल्ल्यावरची वाळू पुसली, आणि बोलली, "इतकेंच होय? अहो, बंद पडली तर ढकलावी. दोघें आहोंत कीं."

मग राणी खोगिरावर बसली, दुसरा गिअर टाकिला, क्लच दाबोन धरिला, आणि राजे मागून लागले ढकलावयास. वाळूंतून डांबरी सडकेवर आणितां आणितां राजांचा दम गेला, तों कोळणी पदर खोंचोन आल्या आणि त्यांनींही हात लाविला. गाडीनें वेग धरिला, राणीनें क्लच सोडिला, भीमथडीनें एक उचकी दिली, दुसरी दिली, आणि जी गर्जना केली कीं सुरूवरचे बगळे उडाले. कोळणींनीं आरोळी ठोकिली. आणि राणी? राणीनें थांबावें कीं नाहीं? न थांबली. थेट सडकेचे टोकापर्यंत गेली, आणि राजे मागून धांवत, धापा टाकीत, हंसत, वंगणाचे हात वर करोन "अहो, मी राहिलों" ऐसें ओरडत, आणि पोट धरोन पुन्हां धांवत, ऐसें घडलें. मग ती वळोन आली, वेग मंद केला, आणि राजे एका पायावर नाचत मागें चढले आणि दोहों हातांनीं तिची कंबर घट्ट धरिली.

येणेंप्रमाणें समुद्रमोहिमेचें वर्तमान जैसें कानीं आलें तैसें लिहिलें. अधिक लिहिलें असेल तर तो हर्षाचा दोष, उणें असेल तर शाईचा. त्यानंतर भीमथडी घाटांत, बाजारांत आणि एकदां ऐन वरातीसमोर बंद पडली. राजे आतां पुसत नाहींत कीं काय जाहलें. खालीं उतरतात आणि ढकलतात. शुभं भवतु.