तेवीस फुलं आणि मुंगी

मानसीला स्वतःच्या नजरेचा भारी अभिमान होता. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती ब्युरेटचं माप दुसऱ्या दशांशापर्यंत वाचायची. पदवीनंतर चित्रांच्या हुबेहूब प्रती रंगवायला लागली, तेव्हा देहूरोडच्या घरी तिने जाहीरच करून टाकलं, "माझी प्रत मूळ चित्राशेजारी ठेवा. मूळ चित्रच गोंधळून जाईल."

असलं काही बोलू नये. भिंतींना कान असतात, हे ठाऊक होतं. चित्रांनाही असतील, हे तिला लोणावळ्यात कळलं.

तुंगार्लीच्या चढावर अनघा मॅडमचा बंगला होता. दिवाणखान्यात त्यांच्या आईच्या हातचं तैलचित्र लावलेलं होतं. तांब्याच्या गडव्यात डेलिया, गुलाब, शेवंती. तीन वर्षांपूर्वी आईंनी ते पुरं केलं आणि त्यानंतर महिन्याभरात त्या गेल्या. मूळ चित्र अनघा मॅडमकडे राहणार, हाताने रंगवलेली प्रत त्यांचा भाऊ सुहास परदेशी नेणार, असं भावंडांत ठरलं होतं.

"पाकळीचाही फरक नको," मॅडमनी रखवालदारासमोर बजावलं. पुण्यात जुनी चित्रं दुरुस्त करायला शिकवणारी एक संस्था आहे. वर्षाला चारच मुलं घेतात. मॅडम तिच्या विश्वस्त. प्रत पसंत पडली तर शिफारसपत्र. मानसीला त्या चौघांत जायचं होतं. गेली दोन वर्षं तिला दुसरं काही नकोच होतं.

रोज सकाळच्या लोकलने ती यायची, चारच्या सुमाराला परत निघायची. भाद्रपदातलं धुकं खिडकीतून सरळ आत येऊन बसायचं, पाहुण्यासारखं. चित्रासमोर आईंची वेताची खुर्ची होती. तीत कोणी बसत नसे. रखवालदार रखमाजींची, म्हणजे आबांची, बायको शालूबाई रोज तिच्यापुढे उदबत्ती लावायची.

"बाई हितंच बसून रंगवायच्या," ती म्हणाली. "जाताना म्हनल्या, शालू, चित्रात कायतरी ऱ्हायलंय गं."

"काय राहिलं होतं, मावशी?"

"ते काय बोलल्या न्हाईत. गेल्या."

मानसीने फुलं मोजली. तेवीस. पानं एकेचाळीस. सगळं वहीत टिपलं, फोनवर फोटो काढला. दहाव्या दिवशी प्रत पूर्ण झाली. तिच्या गुरुजींचा एक नियम होता: प्रतीत एक तरी खूण मुद्दाम वेगळी ठेवायची, नाहीतर ती लबाडी होते. तिने खालच्या गुलाबाच्या पाकळीवर तांदळाच्या कणीएवढी काळी मुंगी काढली. छान जमली. ती खुशीत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूळ चित्रातल्या गुलाबावर मुंगी होती.

मानसीने चष्मा पुसला. मुंगी होतीच. तिने भिंग लावलं. मुंगीला सहा पाय होते आणि एक पाय उचललेला होता. फोनमधला फोटो उघडला. त्यात मुंगी नव्हती.

आधी घाबरायचं की आधी निरीक्षण करायचं, असा प्रश्न पडला. सवयीने तिने निरीक्षण केलं. कापसाचा बोळा लावून पाहिला. तिची मुंगी अजून ओली होती, तैलरंग असल्या हवेत आठवडा आठवडा वाळत नाही. मूळ चित्रातली मुंगी मात्र ठणठणीत वाळलेली. म्हणजे शास्त्राप्रमाणे तीच आधीची.

खिडकीतलं धुकं जरा पुढे सरकलं.

"मावशी," तिने हाक मारली, "ही मुंगी आधी होती का हो?"

शालूबाईने पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "ऱ्हायलेलं पुरं करत्यात वाटतं."

एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये. मानसीने प्रतीत देठावर दुसरी मुंगी काढली, उतरणारी. दिवाणखान्याला स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकून गाडी पकडली. रात्रभर झोप नाही. सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. आत देठावरून दुसरी मुंगी उतरत होती, वाळून खडखडीत. वेताची खुर्ची कालच्यापेक्षा चित्राच्या वीतभर जवळ होती. मानसीने हेसुद्धा वहीत लिहिलं, पण अक्षर तिचं वाटत नव्हतं.

त्याच संध्याकाळी पाचला मॅडम येणार होत्या. मूळ चित्रात दोन मुंग्या पाहिल्या की त्या काय म्हणणार, हे उघड होतं. आईच्या चित्राला हात लावणारी मुलगी. शिफारसपत्र तर गेलंच, पुढे कुणी दारात उभं करणार नव्हतं.

तिने शेवटचा प्रयोग केला. प्रतीत पानावर तिसरी मुंगी काढली, "येते मावशी," म्हणून कुलूप लावून निघाली आणि बंगल्याला वळसा घालून मागच्या खिडकीशी, ओल्या कर्दळीत उभी राहिली.

पाच मिनिटं काहीच नाही. मग आतल्या भिंतीतलं एक कपाट आपोआप उघडलं. ते कपाट नसून स्वयंपाकघरात जायचं दार होतं, हे इतक्या दिवसांत तिच्या लक्षात आलं नव्हतं. त्यातून रखमाजी आले. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी वेताची खुर्ची पुढे ओढली, कपाळाला हात लावून तिला नमस्कार केला, तिच्यावर चढले आणि खिशातून ब्रश काढला.

"आबा," मानसी खिडकीतून म्हणाली.

आबा खुर्चीवरून पडता पडता वाचले.

"काय करताय हे?"

"ऱ्हायलेली मुंगी काढतोय, दुसरं काय," ते म्हणाले. "पोरी, तू भिंग लावून बघनारी. तुज्या चित्रात मुंगी दिसली. म्हनलं, म्हंजे असनार. आपलीच काढायची ऱ्हायली."

"आपलीच?"

आबांनी एकदा दाराकडे पाहिलं. "बाईंचा हात लय थरथरायचा. म्हनल्या, रखमाजी, तू पवनानगरला जीपांवर गुलाब काढायचास न्हवं? घे ब्रश. त्यो वरचा डेलिया त्यांचा. खालचं समदं म्या काढलंय. अनघाताईला सांगायचं न्हाई, आसं वचन दिलंय त्यास्नी."

"आणि इतक्या लवकर वाळतं कसं?"

"जीपचा रंग हाय. तासात सुकतोय."

फाटकाशी हॉर्न वाजला. आबांनी तिसरी मुंगी तीन फटक्यांत उरकली. मानसीने वळसा घालून धावत येऊन कुलूप काढलं.

मॅडम आल्या आणि मूळ चित्रासमोर थांबल्या. मानसीने सगळं सांगून टाकायला तोंड उघडलं, तर मॅडमच्या पाठीमागे आबा हात जोडून उभे. तिने तोंड मिटलं.

"तीन वर्षं हे चित्र माझ्यासमोर आहे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "आणि या मुंग्या मला कधी दिसल्याच नाहीत. आई म्हणायची, फूल खरं असेल तर मुंगी येतेच." त्यांनी डोळे टिपले. मग प्रतीकडे वळून त्यांनी एकेक पाकळी मूळ चित्राशी ताडून पाहिली आणि तिथेच बसून पत्र लिहिलं.

मानसीने निघताना प्रतीच्या पाठीवर ठळक अक्षरांत 'प्रत' असं लिहिलं. हे पहिल्याच दिवशी सुचलं असतं, तर विज्ञानाचं बरंच नुकसान टळलं असतं.

फाटकाशी तिने पत्र उघडलं. 'प्रवेशासाठी शिफारस करते. फुले अचूक. मात्र मूळ चित्रातील मुंग्या चालतात, हिच्या नुसत्या बसल्या आहेत. तो हात हिला अजून साधायचा आहे.'

आबांनी तिच्या खांद्यावरून वाचलं आणि फाटकाची कडी काढली.

"वाईट वाटून घिऊ नगंस," ते म्हणाले. "मला बी एकदम जमली न्हाई. तिसरी तर घाईतच काढली."