म्हात्रेकाकांचे शिकवलेले विषाणू

आमच्या मजल्यावर कोणी शिंकलं की म्हात्रेकाका दार उघडून म्हणायचे, "शाबास!" माणसाला नव्हे, सर्दीच्या विषाणूला.

काका मानपाड्याच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होते. रिटायर झाल्यावर त्यांनी पेपरात वाचलं, की परदेशात विषाणूची आजार करायची खोड मोडून त्याला कॅन्सरच्या गाठीवर सोडायचे प्रयोग चाललेत. तेव्हा काकींच्या पोटात गाठ होती. झालं! काका कंपन्यांना पत्रं लिहायला लागले, हे औषध लवकर काढा म्हणून.

पत्र टाकायच्या आधी ते मला गॅलरीत वाचून दाखवायचे. "चौथी शिकलेल्या बाईला समजलं, तर साहेबाला समजायलाच पाहिजे." मला बोलायची भीती. मी भाजी निवडत नुसती मान हलवायची. एकदा ते ओरडलेच, "अगं, नंदीबैल आहेस का? तुझ्या तोंडाने सांग."

मी कसंबसं म्हटलं, "पोलिसांच्या कुत्र्याला वास देऊन चोरावर सोडतात, तसं."

काकांनी ते तसंच्या तसं पत्रात घातलं. आतून काकी म्हणाल्या, "अहो, तो कुत्रा कुठवर आलाय ते विचारा. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असेल."

काका हसले नाहीत. कंपनीची अडचण त्यांना ठाऊक होती. "मी जन्मभर ब्लडप्रेशरच्या गोळ्या भरल्या. रोज एक, मरेपर्यंत. एका सुईत माणूस बरा झाला, तर दुसऱ्या दिवशी कंपनी विकणार काय? आणि सगळी कमाई त्या एकाच सुईतून काढली, तर ती आपल्याला परवडेल कशी?"

तोडगाही त्यांचाच. बरा झालेला माणूस जगेल तितकी वर्षं दर दिवाळीला हप्ता भरेल. "मेला की हप्ता बंद! मग बघ, पेशंट जगावा म्हणून कंपनीच नवस बोलेल."

एका कंपनीने उत्तर म्हणून नुसतं कॅलेंडर पाठवलं. काकांनी ते काकींच्या खाटेसमोर लावलं.

काकी श्रावणात गेल्या. तेराव्यानंतर दोन दिवसांनी काका नवीन पत्र घेऊन गॅलरीत आले. वाचता वाचता शेवटाला आले, "माझी पत्नी आजारी आहे. कृपया घाई करावी."

मला राहवलं नाही. "काका, काकी तर..."

"ठाऊक आहे गं," ते म्हणाले. "पण गेली असं लिहिलं, तर ते कशाला घाई करतील?"

त्यांनी पत्राची घडी घातली. "बाकीचं समजलं ना?"

मी हो म्हटलं.