मागच्या उजव्या चाकाचा निकाल

रविवारी सकाळी नऊ वाजता सासूबाई जीपच्या मागच्या सीटवरून उतरल्या, पाठीला हात लावला आणि इमारतीच्या फाटकातच जाहीर केलं, की मागचा उजवा शॉकअब्सॉर्बर गेलेला आहे. हा शब्द त्या वाटेत लेकीकडून शिकल्या होत्या. गाडीतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण टेकडीच्या वाटेवर एका खड्ड्याला आपण चार वेळा उडतो, एवढं बसल्या जागी कळलं होतं.

जावई वजनमापे खात्यात निरीक्षक होता. पुरावा नसलेलं वाक्य ऐकलं की त्याच्या कानामागे खाज सुटे. त्यात हे वाक्य त्याच्या जीपबद्दल होतं. अकरा वर्षं पैसे साठवून त्याने ती घेतली होती आणि दर रविवारी तो ती दगडधोंड्यांतून नेत असे. चिखलात रुतून बसलेला नवरा इतका खुशीत कसा असतो, हे कोडं बायकोला सुटलं नव्हतं.

"अहो, आई म्हणते ते खरं निघालं तर जीप विकायची," बायको म्हणाली. "खोटं निघालं तर मी पुन्हा विकायचं नाव काढणार नाही."

निरीक्षकाने ते मान्य केलं. चाचणीची रीत त्याला वाचून ठाऊक होती. गाडीचा मागचा कोपरा दाबायचा आणि सोडून द्यायचा. गाडी वर येऊन एकदा खाली बसली आणि थांबली, तर शॉकअब्सॉर्बर शाबूत. डोलत राहिली, तर गेला.

त्याने दोन्ही हातांनी कोपरा दाबला. जीप तसूभर हलली नाही. चष्मा तेवढा नाकावरून खाली आला.

समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी हात लावला, मग तळमजल्यावरच्या बेकरीवाल्यांनीही लावला, तरी जीप ढिम्मच. तेव्हा ठरलं, की मागच्या बंपरवर सगळ्यांनी उभं राहायचं आणि एकाच वेळी खाली उडी मारायची. बंपरवर किती वजन होतं हे माहीत नसेल, तर चाचणीला अर्थ काय, असं म्हणून निरीक्षकाने घरातून वजनकाटा आणला.

इथून घोळ सुरू झाला. बेकरीवाल्यांनी आपलं वजन नव्वद सांगितलं, काट्याने एकशे चौदा. नाश्ता जरा जड झालाय, असा खुलासा त्यांनी केला. वरच्या मजल्यावर नाच शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, की कुणी बघणार नसेल तरच मी काट्यावर चढेन. निरीक्षक पाठ करून उभा राहिला. बाईंनी आकडा स्वतःच वाचून सांगितला आणि त्याने वहीत त्यापुढे 'स्वघोषित' असं लिहिलं.

उडीसाठी आकडे मोजायचं काम नाचाच्या बाईंकडे गेलं, कारण ताल त्यांचा होता. पण त्यांना आठपर्यंत मोजायची सवय. डॉक्टर तीनला उतरले, बाई स्वतः आठला, आणि बेकरीवाले सगळे उतरलेत की नाही हे बघायला मागे थांबले. जीप वर आली ती त्यांना घेऊनच.

डोलणं किती झालं, यावरही एकमत होईना. डॉक्टरांनी अडीच मोजले, बाईंनी तीन. सासूबाई साक्षीदार म्हणून पुन्हा मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. त्यांचा आकडा चार.

"आई, तुम्हाला तिथून चाक दिसत तरी आहे का?" निरीक्षकाने विचारलं.

"दिसायला कशाला हवं? मला लागतंय ना."

तीन सलग मापं सारखी आल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हा खात्याचा नियम होता. तो निरीक्षकाने इथेही लावला. मापं सारखी येईनात. वजन कमी पडतंय असं वाटून त्याने आणखी माणसं बोलावली. अकराच्या सुमाराला सात जण बंपरवर आणि बाकीची इमारत खिडक्यांत होती. बाजारातून परतणारी माणसंही पिशव्या खाली ठेवून नंबर लावू लागली. पिशव्यांसकट चालेल का, असंही एकाने विचारलं.

तेविसाव्या उडीला गाडीखाली कच्चकन आवाज झाला. त्यानंतर जीप डोलली ती सात वेळा. यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

निरीक्षकाने कोपऱ्यावरच्या फिटरला बोलावून आणलं. फिटर गाडीखाली सरकला, निरीक्षकही त्याच्या शेजारी पालथा पडला.

"साहेब, किती जण नाचले हिच्यावर?"

"चाचणी चालली होती."

"हे तेल बघा. ताजं आहे, धूळसुद्धा चिकटलेली नाही. सकाळपर्यंत शॉकअप ठणठणीत होता, तुम्ही आत्ता फोडलात." फिटरने बोट पुसलं. "आणि जाड पाट्यांच्या स्प्रिंगची गाडी दाबून कळते होय? खडबडीत रस्त्यावरून आणायची आणि शॉकअपला हात लावायचा. गरम लागला तर चालू आहे. दुसरा गरम आणि हा गार, तर गेला."

नऊ वाजता जीप टेकडीवरूनच आली होती. हात लावायला अर्धं मिनिट लागलं असतं.

"मग आमच्या सासूबाई का उडत होत्या?"

"मागच्या सीटचे दोन बोल्ट पडलेत. सीटच उडते."

निरीक्षकाचा जीव भांड्यात पडला. तो जिंकला होता. आता बाहेर जाऊन खरं ते सांगायचं, की सासूबाई चुकल्या आणि शॉकअब्सॉर्बर शेजाऱ्यांनी फोडला. तो सरपटत निघाला, तोच वरून दबका आवाज आला.

"जावईबापू."

सीट सैल होती, म्हणून खालचं बोलणं वर स्वच्छ ऐकू गेलं होतं.

"सगळी इमारत माझ्या एका शब्दावर सकाळपासून उड्या मारतेय. आता मी खोटी ठरले, तर इथे तोंड कसं दाखवू?"

"पण आई, खराब म्हटलं तर जीप जाते."

"जात नाही. लेकीचं मी बघते. नवा शॉक माझ्याकडून." वर सीट करकरली. "आणि पुढच्या रविवारी पुढच्या सीटवर मी."

निरीक्षकाने बावीस वर्षांच्या नोकरीत एक ग्रॅमही इकडचा तिकडे केला नव्हता. मोठ्या दुकानदारांनी हात जोडले होते, तरीही नाही. गाडीखालून त्याला चौदा चपला दिसत होत्या, सगळ्या निकालाकडे तोंड करून. त्याने फिटरला गप्प राहायची खूण केली, बाहेर येऊन गुडघे झटकले आणि घसा साफ केला.

"खराब होता," तो म्हणाला. "सकाळपासूनच."

चपलांचे मालक सुटले. डॉक्टर लगेच म्हणाले, की मला पहिल्या उडीलाच शंका आली होती. बायको कमरेवर हात ठेवून काही बोलणार, इतक्यात सासूबाईंनी मागच्या सीटवरून हात वर केला.

"गेल्या वर्षापासून," त्यांनी दुरुस्ती केली.

निरीक्षकाने वही उघडली, शाईचं पेन खिशातच ठेवून डॉक्टरांकडून पेन्सिल मागून घेतली आणि तसं लिहिलं.